साठ तुकड्यांतला रविवार

पॅरिसच्या वायव्येला सीन नदीत ग्रांद झात नावाचे एक लांबट, अरुंद बेट आहे. तिथली एक रविवार दुपार जॉर्ज सेरा या फ्रेंच चित्रकाराने 1884 ते 1886 या काळात रंगवली. दोन मीटरहून उंच आणि तीन मीटरहून रुंद असलेले हे चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याच्या प्रती कॅलेंडरांवर, पाठ्यपुस्तकांत, वह्यांच्या मुखपृष्ठांवर इतक्या वेळा छापल्या गेल्या आहेत की चित्रकाराचे नाव माहीत नसलेल्यांनाही ते ओळखीचे वाटते. उजवीकडे छत्री घेतलेली बाई, तिच्या हातातल्या दोरीला बांधलेले माकड आणि शेजारी उंच टोपीतला गृहस्थ. डावीकडे पाइप ओढत लवंडलेला बिनबाह्यांच्या बनियनमधला माणूस. मधोमध पांढऱ्या फ्रॉकमधली एक लहान मुलगी, सरळ आपल्याकडे पाहणारी. आणि मागे नदी, शिडे, झाडे, सगळी मिळून जवळपास पन्नास माणसे.

या चित्रापुढे बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. सुट्टी आहे, ऊन आहे, पाणी आहे, पण कोणी हसत कसे नाही? कोणी कोणाशी बोलताना दिसत नाही. एक पोर धावते आहे, पण तीही धावता धावता जागीच थबकल्यासारखी वाटते. पुतळे आणून गवतावर ठेवावेत तशी ही माणसे बसली आहेत. यावर सहसा दिले जाणारे उत्तर असे, की सेराने हे चित्र रेघांऐवजी बारीक बारीक ठिपक्यांनी रंगवले, त्या यांत्रिक कामात माणसांचा जीव गेला आणि चित्र गोठले. हे उत्तर ऐकायला सोपे आहे, पण चुकीचे आहे. ते चुकीचे असल्याचा पुरावा सेराने स्वतःच मागे ठेवला आहे. मोठ्या चित्राआधी त्याने केलेली लहान रंगचित्रे, रेखाचित्रे आणि मधल्या आकाराचे कॅनव्हास मिळून सुमारे साठ अभ्यासचित्रे आज उपलब्ध आहेत. ती क्रमाने पाहिली तर चित्रातली स्थिरता कुठून आली, ती कधी आली आणि ठिपके त्यात किती उशिरा आले, हे टप्प्याटप्प्याने दिसते.

लाकडी फळीवरचे ऊन

मे 1884 मध्ये सेराने हे काम हाती घेतले तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याचे ‘आस्निएरचे स्नान’ हे तितकेच प्रचंड चित्र पॅरिसच्या सालोनने, म्हणजे सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनाने, नाकारले होते. नाकारल्या गेलेल्या कलावंतांनी मिळून भरवलेल्या प्रदर्शनात ते लागले आणि तिथे सेराची ओळख पॉल सिन्याक या तरुण चित्रकाराशी झाली. पुढे सिन्याक त्याचा सर्वांत निष्ठावान साथीदार ठरला. ‘स्नान’मध्ये नदीच्या एका काठावर कामगार वस्तीतली मुले आणि तरुण उन्हात बसले आहेत, मागे क्लिशीच्या कारखान्यांची धुराडी आहेत. ग्रांद झात हे बेट त्याच पाण्यापलीकडे. म्हणजे नवे चित्र काढायला सेरा फक्त नदीच्या दुसऱ्या बाजूला गेला होता.

बेटावर जाताना तो एक छोटी पेटी नेई. तिच्या झाकणात सिगारच्या डब्याच्या लाकडाएवढ्या, साधारण 16 बाय 25 सेंटिमीटरच्या पातळ फळ्या बसत. मांडीवर पेटी ठेवायची आणि एका बैठकीत एक फळी संपवायची, ही पद्धत. या फळ्यांना तो ‘क्रोक्तों’ म्हणे, म्हणजे चिमुकले कच्चे चित्र. त्यांवरचे काम अजिबात यांत्रिक नाही. गवतासाठी आडवेतिडवे, एकमेकांना छेदणारे फटकारे, झाडाच्या खोडासाठी उभे, पाण्यासाठी आडवे. मधे मधे लाकडाचा तांबूस रंग तसाच सोडलेला, आणि तोच उन्हाची ऊब देतो. माणसे दोनचार फटकाऱ्यांत उभी राहतात. एखाद्या फळीवर पाठमोरे बसलेले लोक आहेत, पुढच्या फळीवर ते नाहीत. कुठे सावलीचा पट्टा रुंद झाला, कुठे झाड सरकले. इथे चित्रकार अजून काहीही ठरवत नाही, तो पर्याय गोळा करतो.

हे गोळा करणे किती इमानाने चालले होते, याची एक आठवण त्याचा मित्र शार्ल आंग्रां याने सांगून ठेवली आहे. दोघे बेटावर शेजारी शेजारी काम करत. उन्हाळ्यात काठावरचे गवत वाढले आणि सेराने चित्रात घेतलेली होडी त्याला दिसेनाशी झाली. ती होडी चित्रातून जाईल की काय अशी काळजी वाटून आंग्रांनेच ते गवत कापले. ज्याला लोक सूत्रांनी चित्र काढणारा गणिती समजतात, त्याला प्रत्यक्ष दिसल्याशिवाय एक होडी रंगवणे जड जात होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच काळात त्याने बेटाचे एक निर्मनुष्य दृश्य कॅनव्हासवर रंगवले. झाडे, सावल्या, पाणी, शिडे सगळे जागच्या जागी, माणूस मात्र एकही नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये याच रिकाम्या बेटाचे एक रेखाचित्र आहे, त्यात फक्त एक कुत्रा उभा आहे. रविवारच्या गर्दीचे चित्र काढणाऱ्याने आधी गर्दी काढून टाकली, जागा पक्की केली आणि मग त्या जागेत एकेका माणसाला बोलावले. माणसांमधल्या ज्या अंतराविषयी आपण कोड्यात पडतो, त्याचा उगम मला इथे दिसतो. ही माणसे एकत्र आली नाहीत. त्यांना एकेकटे आणून बसवले आहे.

खडबडीत कागदाची करामत

एकेकट्या माणसाचा अभ्यास सेराने रंगात न करता काळ्या खडूत केला, आणि माझ्या मते त्याच्या साऱ्या कामातला हा सर्वांत सुंदर भाग आहे. खडू काँते जातीचा, म्हणजे कोळशापेक्षा कडक आणि किंचित तेलकट. कागद मिशाले नावाचा, हाताने बनवलेला, जाड, ज्याच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे आणि खळगे असतात. या कागदावर खडू हलका फिरवला तर तो फक्त उंचवट्यांवर बसतो, खळगे पांढरे राहतात आणि लांबून पाहताना धुरकट राखाडी छटा दिसते. जोर वाढवला की खळगे भरत जातात आणि छटा गडद होत शेवटी मखमली काळी होते. म्हणजे हाताच्या दाबाने उजेड कमीजास्त करता येतो, रेघ मारावीच लागत नाही. खरोखरच या चित्रांत बाह्यरेषा नाहीत. मासे पकडणारी बाई, पाठमोरी दाई, पांढऱ्या कपड्यातले मूल, माकड, ही सगळी काळोखातून उजळत येणारे आकार आहेत.

रेघ नसेल तर आकार कुठे संपतो हे कळणार कसे? सेराने इथे डोळ्याच्याच एका सवयीचा उपयोग केला. गडद रंगाला लागून उजळ रंग आला की त्या सीमेवर उजळ भाग आहे त्याहून उजळ आणि गडद भाग आहे त्याहून गडद भासतो. सेराने हा भास कागदावर मुद्दाम वाढवून दाखवला. काळ्या झग्याभोवतीची पार्श्वभूमी त्याने थोडी अधिक पांढरी ठेवली, उजळ चेहऱ्यामागची सावली थोडी अधिक काळी केली. त्यामुळे प्रत्येक आकृतीभोवती मंद उजेडाचे वलय तयार होते आणि ती शेजाऱ्यापासून सुटी होते.

पण या पद्धतीची किंमतही द्यावी लागते. रेघ नाही म्हणजे बोटे नाहीत, ओठांचा कोपरा नाही, भुवई नाही. हसू, कुजबुज, नजरानजर हे सगळे ज्या बारीक तपशिलांतून कळते ते तपशीलच गळून जातात. उरतो तो माणसाचा एकूण आकार: टोपी, पाठीचा बाक, झग्याचा फुगीर घेर. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात पांढऱ्या कपड्यातल्या मुलाचा अभ्यास आहे. त्यात मूल म्हणजे जवळजवळ कोरा सोडलेला कागद आहे, आजूबाजूच्या काळेपणाने त्याला घडवले आहे. मोठ्या चित्रातली माणसे अबोल का, याचे अर्धे उत्तर या कागदावर मिळते. रंगाचा पहिला ठिपका पडण्याच्या कितीतरी आधी खडूने त्यांचा आवाज काढून घेतला होता.

मांडणी आणि फेरमांडणी

फळ्यांवरचे रंग आणि कागदावरचे आकार एकत्र आणण्यासाठी सेराने मधल्या मापाचा एक कॅनव्हास केला. तो सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, सुमारे 70 बाय 104 सेंटिमीटरचा, म्हणजे अंतिम चित्राच्या साधारण एकतृतीयांश रुंदीचा. त्यात बहुतेक प्रमुख पात्रे आपापल्या जागी येऊन बसली आहेत. आणि हा कॅनव्हासही फटकाऱ्यांनीच रंगवला आहे.

मोठ्या चित्राचा पहिला हात मार्च 1885 च्या सुमारास पूर्ण झाला. ठरलेले प्रदर्शन रद्द झाल्याने ते चित्रशाळेतच राहिले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून सेराने ते पुन्हा हाती घेतले आणि 1886 च्या वसंतापर्यंत त्यावर काम केले. ठिपके आले ते या दुसऱ्या फेरीत, आधीच्या रंगकामावर. क्ष-किरण आणि इतर तपासण्यांत दोन्ही थर वेगळे ओळखता येतात. याच फेरीत त्याने उजवीकडच्या बाईच्या झग्याचा मागचा फुगवटा आणखी वाढवला, कडा अधिक गोलाईदार केल्या. त्यामुळे ती बाई आणखीच मूर्तीसारखी झाली. हा बदल ठिपक्यांमुळे झाला नाही, तो बाह्याकृतीत केलेला बदल आहे. ठिपका इथे केवळ त्याच वेळी हातात होता.

आकृतींची दिशा पाहिली तर हेतू आणखी स्पष्ट होतो. फळ्यांवर माणसे तिरकी, अर्धी वळलेली, कशीही बसली आहेत. अंतिम चित्रात जवळजवळ सगळी एक तर पूर्ण बाजूने, नाही तर समोरून किंवा थेट पाठमोरी दिसतात. मधला तिरका कोन सेराने जवळजवळ वगळून टाकला. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर फिडियसच्या कार्यशाळेने कोरलेली मिरवणूक मनात ठेवून आपल्याला आजच्या माणसांची मिरवणूक रंगवायची आहे, असे त्याने कवी ग्युस्ताव काह्नला सांगितल्याची नोंद आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या भिंतींसमोर उभे राहिलेल्या वाचकाला ही इच्छा समजावून सांगावी लागणार नाही. भिंतीवरची मूर्ती क्षणाला बांधलेली नसते. सेराला रविवारची दुपार तशी क्षणाच्या बाहेर काढायची होती.

आता निर्णायक पुरावा. ‘आस्निएरचे स्नान’ हे आधीचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. 1884 मध्ये ते प्रदर्शनात लागले तेव्हा त्यात ठिपके नव्हते. काही थोडे ठिपके, एका मुलाच्या केशरी टोपीवरचे वगैरे, सेराने नंतर काही वर्षांनी घातले. आणि तरीही ते चित्र ग्रांद झातइतकेच निश्चल आहे. तिथलीही माणसे बाजूने दिसतात, एकमेकांकडे पाहत नाहीत, पाण्यातला मुलगा तोंडाशी हात नेऊन हाक मारतो पण ती हाक कुणी ऐकल्याचे दिसत नाही. ठिपक्यांवाचून ही शांतता शक्य होती, हे सेराने आधीच सिद्ध करून ठेवले होते.

मग ठिपके कशासाठी?

यावर रास्त आक्षेप असा येईल, की स्थिरता आधीच साधली होती तर काही महिन्यांनी पुन्हा बसून ठिपक्यांचे इतके कष्ट कशाला? याचे उत्तर एका रंगाऱ्याच्या भट्टीपाशी सुरू होते. पॅरिसच्या गोबलँ या चित्रवस्त्रे विणणाऱ्या सरकारी कार्यशाळेत मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तर रंग उत्तम होता. दोष शेजारच्या धाग्यांचा होता, निळ्या-जांभळ्याजवळ तोच काळा निस्तेज दिसत होता. रंग हा त्याच्या शेजारावर अवलंबून असतो, हे त्यांनी 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. तांबड्या कापडाकडे बराच वेळ पाहून पांढऱ्या भिंतीकडे नजर वळवली की हिरवट डाग दिसतो. तांबड्याशेजारी हिरवा ठेवला तर दोन्ही अधिक झगझगतात, तेही याच कारणाने. सेराने शेव्रल वाचले, आणि अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ऑग्डन रूड यांचे 1881 मध्ये फ्रेंचमध्ये आलेले रंगशास्त्राचे पुस्तकही वाचले. ग्रांद झात लोकांसमोर आले त्या 1886 सालीच शेव्रलांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली.

धूपछांव पैठणी ज्यांनी हातात घेतली आहे त्यांना पुढचा मुद्दा चटकन कळेल. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. ते दोन रंग भांड्यात कालवले असते तर एकच मळकट छटा मिळाली असती, कारण कालवलेला प्रत्येक रंग प्रकाशाचा आपापला वाटा गिळतो. विणीत मात्र दोन्ही रंग शाबूत राहतात आणि वस्त्र हलताना कधी हा, कधी तो वर येतो. सेराने गवताचा पट्टा असाच विणला आहे. सावलीतल्या गवतात बहुतेक ठिपके हिरवे, पण मधे मधे झिरपणाऱ्या उन्हाचे केशरी, हिरव्याला विरोधी असलेले जांभळट, आणि पलीकडच्या उजेडाला उत्तर देणारे निळसर. समीक्षक फेलिक्स फेनेओं यांनी 1886 मध्येच या गवताचे असे पृथक्करण करून दाखवले. या नव्या पद्धतीला ‘नव-दृक्‌प्रत्ययवाद’ या अर्थाचे नावही त्यांनीच दिले.

निश्चल आकारांवर ही थरथर हवी होती. फक्त कडक बाह्याकृती राहिल्या असत्या तर चित्र कापून चिकटवलेल्या कागदांसारखे दिसले असते. ठिपक्यांनी माणसांना हलवले नाही, त्यांच्याभोवतीची हवा हलती ठेवली.

चौकट: ठिपका कधी विरघळतो?

ठिपके आपल्या डोळ्यात मिसळून नवा, अधिक तेजस्वी रंग तयार होतो, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. साधा हिशेब करून पाहू. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखता येते. त्या मापाने 3 मिलिमीटरचे ठिपके एकमेकांत विरघळायला प्रेक्षकाला सुमारे 10 मीटर मागे जावे लागेल. संग्रहालयात इतक्या लांबून चित्र कोण पाहतो? शिवाय विरघळल्यावरही जो रंग मिळतो तो घटक रंगांची सरासरी असतो, त्यांच्याहून उजळ नसतो. निळे आणि पिवळे ठिपके लांबून हिरवे दिसत नाहीत, राखाडीकडे झुकतात. चित्राची लकाकी पूर्ण मिश्रणातून येत नाही. ठिपके मिसळतातही आणि सुटेही दिसतात अशा मधल्या अंतरावर डोळ्याची जी ओढाताण होते, तिच्यातून ती येते.

उपरोध की उत्सव?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1886 मध्ये दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात चित्र लागले तेव्हा अनेकांनी या माणसांना लाकडी खेळणी म्हणून हिणवले, इजिप्शियन चित्रांशी त्यांची तुलना केली. पुढच्या काळात जर्मन विचारवंत अर्न्स्ट ब्लॉख यांना या रविवारात न संपणारा कंटाळा दिसला. कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी तर हे चित्र सुखी समाजाच्या स्वप्नाचे उलटे रूपक असल्याचे मांडले: नव्या शहरी, यंत्रयुगीन जीवनाने माणसांना एकसाची आणि एकाकी केले आहे, आणि सेराने नेमके तेच रंगवले. नॉकलिन यांचे वाचन बारकाईचे आहे आणि ते झटकून टाकता येणार नाही. माणसांमधले अंतर खरोखरच चित्रात आहे.

पण अभ्यासचित्रे पाहिल्यावर उपरोधाचा अर्थ मला अपुरा वाटतो. उपरोध करणारा निवड करतो. तो श्रीमंताला फुगवतो, गरिबाला सोडून देतो, किंवा याच्या उलट करतो. सेराचा खडू असा भेद करत नाही. पाइपवाल्या नावाड्याला आणि उंच टोपीच्या गृहस्थाला, दाईला आणि तिच्या म्हाताऱ्या सोबतिणीला, माकडाला आणि झाडाच्या बुंध्याला तो एकाच गांभीर्याने, एकाच मऊ काळेपणाने घडवतो. माकडाचे अभ्यास पाहा, त्यात टवाळी शोधूनही सापडत नाही, आहे ती पाठीच्या कण्याची आणि शेपटीच्या वळणाची काळजी. शिवाय ‘स्नान’मधले कामगार तरुण तितकेच स्थिर आणि तितकेच प्रतिष्ठित आहेत, त्यांची तो थट्टा करत होता असे कोणी म्हणत नाही. आठवडाभर राबणाऱ्या आणि मिरवणाऱ्या दोन्ही शहरवासीयांची सुट्टी त्याने देवळाच्या भिंतीवर शोभेल अशा मापात मांडली. तेवढ्या मापात तोवर बहुधा देव, राजे आणि लढाया येत असत.

आज आपण पाहतो ते चित्र मात्र सेराने पाहिलेले चित्र नव्हे. दुसऱ्या फेरीत त्याने जस्त-पिवळा हा नवा रंग वापरला आणि तो काही वर्षांतच तपकिरी पडला. उन्हातल्या गवताचे पिवळे ठिपके मातकट झाले, केशरी ठिपके विटकरी झाले, पोपटी शेवाळी झाले. सेरा 1891 मध्ये एकतिसाव्या वर्षी अचानक आजाराने गेला, आणि पुढच्याच वर्षी फेनेओंनी या बिघाडाबद्दल हळहळ व्यक्त केली होती. 2004 मध्ये शिकागोत या चित्राच्या घडणीवर मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा रंगशास्त्रज्ञ रॉय बर्न्स यांनी संगणकावर मूळ रंगांची अदमासे पुनर्रचना केली. त्यात गवत लख्ख उजळले. मूळचे रंग शोधायचे तर लहान फळ्यांकडेही वळावे लागते, कारण त्या बहुतेक या पिवळ्याच्या आधीच्या आहेत.

त्या फळ्या आणि रेखाचित्रे सेराच्या मृत्यूनंतर कुटुंबीयांत आणि मित्रांत वाटली गेली आणि पुढे देशोदेशीच्या संग्रहांत पोहोचली. मोठे चित्र 1924 मध्ये फ्रेडरिक आणि हेलन बार्टलेट या शिकागोच्या दांपत्याने विकत घेतले. 1958 मध्ये ते एकदाच न्यूयॉर्कला उसने दिले गेले, तिथल्या संग्रहालयाला आग लागली, एक कामगार दगावला, चित्र मात्र वाचले. तेव्हापासून ते शिकागोबाहेर पाठवले जात नाही. म्हणून हे सगळे तुकडे मोठ्या चित्राशेजारी पाहायचे असतील तर प्रवास तुकड्यांनाच करावा लागतो, आणि 2004 मध्ये त्यांतले बरेचसे तसे शिकागोला आले होते.